ओटीपी न मागणारी यादी

आमच्या केंद्रावर माणूस येतो तो "माझा हप्ता पडला का बघ" म्हणत, आणि जाता जाता बघून जातो ते चुलतभावाचं नाव.

तासगाव तालुक्यातल्या एका गावात मी आपले सरकार सेवा केंद्र चालवते. दुकानाचा एक गाळा, दोन कॉम्प्युटर, एक प्रिंटर, अंगठ्याचं मशीन आणि बसायला बाकडं. गाव द्राक्षाचं, त्यामुळे अंगठ्याचं मशीन हे माझं सगळ्यात मोठं दुखणं. थिनिंग, डिपिंग, बोर्डो, छाटणीची कात्री यांतून गेलेल्या बोटांवर रेषा राहतातच कुठे? बायकांच्या बोटांवर तर नाहीच. पीएम किसानच्या ॲपमध्ये २०२३ पासून चेहरा दाखवून केवायसी करता येते, म्हणून निभावतंय. मग भिंतीला पाठ लावून उभं करायचं आणि डोळे मिचकाव म्हणायचं. आमच्या गावातल्या आज्या सरकारसाठी डोळे मिचकावतात, हे बघण्यासारखं असतं.

ज्यांना शेतीतलं काही ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. पीएम किसान ही केंद्राची योजना फेब्रुवारी २०१९ मध्ये सुरू झाली. वर्षाला ६,००० रुपये, दोन-दोन हजारांचे तीन हप्ते. राज्याने २०२३ मध्ये त्यावर नमो शेतकरी महासन्मान निधीचे आणखी ६,००० घातले. म्हणजे वर्षाला १२,०००. पैसे थेट आधार जोडलेल्या खात्यात येतात. आणि गावात कुणाकुणाला मिळतात याची यादी पीएम किसानच्या पोर्टलवर उघडी आहे. राज्य, जिल्हा, तालुका, ब्लॉक, गाव निवडायचं की नावं येतात. पुढे स्त्री की पुरुष एवढं लिहिलेलं असतं, बाकी काही नाही. रक्कम सगळ्यांना सारखीच, म्हणून ती लिहायची गरजही नाही.

या यादीचा आमच्या गावात जेवढा अभ्यास झालाय तेवढा दहावीच्या पोरांनी केला असता तर शाळेचं नाव निघालं असतं. नवीन हप्ता आला की पारावर ज्यांच्याकडे चांगला मोबाईल आहे ते यादी उघडतात आणि बाकीचे ऐकतात. "अमक्याचं नाव अजून हाय? तो तर गेला की गेल्या दिवाळीत." "तमक्याचा पोरगा पुण्यात इंजिनियर हाय, त्याचं कसं बसलं हेच्यात?" शहरातली माणसं याला जळकेपणा म्हणतील. म्हणू देत. मला मात्र या योजनेची खरी तपासणी तिथेच होताना दिसते.

कारण बघा, नियमात कोण बसत नाही? आयकर भरणारा, सरकारी नोकर (चतुर्थश्रेणी सोडून), महिना १०,००० किंवा त्याहून जास्त पेन्शन घेणारा, डॉक्टर, वकील, इंजिनियर, सीए म्हणून व्यवसाय करणारा. शिवाय एका कुटुंबात, म्हणजे नवरा, बायको आणि अज्ञान मुलं मिळून, एकालाच. यातलं काय काय कॉम्प्युटरला कळतं? आयकर आधारवरून कळतो. पण यादीतली कुठली दोन नावं नवरा-बायकोची आहेत, कोण नुसता नावाला शेतकरी आहे आणि कोथरूडला वकिली करतो, हे भावकीशिवाय कुणाला ठाऊक असतं? भावकीला तुमच्या सातबाऱ्यावरची बिनशेती गुंठेवारीसुद्धा पाठ असते. सुरुवातीला याद्या घाईघाईत भरल्या गेल्या, तेव्हा हे सगळं गाळायला वेळ नव्हता. पुढे माहिती अधिकारात बाहेर आलं की देशभरात वीस लाखांवर अपात्र लोकांना मिळून १,३६४ कोटी रुपये गेले होते. त्यात आयकर भरणारेही होते. मग तहसीलमधून वसुलीच्या नोटिसा निघाल्या, तलाठ्याने घरोघर वाटल्या, आणि ज्यांनी पारावर बसून ही नावं आधीच मोजली होती त्यांनी "आम्ही म्हणत हुतो" म्हणून मिशीला पीळ दिला. पैसे परत करायची सोय पोर्टलवर आहे. ते काम करायला माझ्याकडे लोक येतात ते दुपारी, बाकडं रिकामं असताना.

भावकी देवमाणूस असते असं मी म्हणत नाही. बांधाच्या भांडणातून केलेल्या तक्रारीही मी टाईप केल्यात, त्यात अर्ध्या खोट्या होत्या. पण तक्रार खोटी निघाली तर चौकशीत कळतं. यादीच बंद असेल तर खरी तक्रारही करता येत नाही.

आता या यादीचा मला पटलेला सगळ्यात मोठा उपयोग सांगते. तो पारावरचा नाही, माझ्या टेबलावरचा आहे.

साठीच्या आसपासच्या एक मावशी आल्या. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, जमिनीला वारस नोंद झालेली, थोरल्या मुलाबरोबर राहतात. लाडकी बहीण सुरू होऊन काही महिने झाले होते. बाकड्यावर बसल्या आणि म्हणाल्या, "पोरी, समद्यास्नी पंधराशे येत्यात आन् मला पाचशेच का? माझं काय तोंड वाकडं हाय का?"

मी म्हटलं, "मावशी, शेतकरी सन्मानचे पैसे येतात का तुम्हाला?"

"मला कशाला येतील? मी काय शेतकरी हाय का?"

बाई आयुष्यभर बागेत राबलेली. फेल काढणं, विरळणी, काडी बांधणं, सगळं हिने केलेलं. आणि विचारतेय, मी काय शेतकरी हाय का.

नियम असा आहे की ज्या बाईला नमो आणि पीएम किसानचे मिळून महिन्याला हजार पडतात, तिला लाडक्या बहिणीतून वरचे पाचशेच द्यायचे. म्हणजे पाचशे येतायत याचा अर्थच असा की कुठेतरी बारा हजार हिच्या नावावर येतायत. मी पोर्टलवर तिची माहिती बघायला गेले तर ओटीपी मागितला. नंबर कुणाचा? थोरल्याचा. आधारला तोच, बँकेला तोच. पासबुक त्याच्याकडे, एटीएम कार्ड त्याच्याकडे. बाईच्या नावावरचा प्रत्येक दरवाजा पोराच्या खिशातल्या फोनने उघडत होता.

यादीला मात्र ओटीपी लागत नाही. मी गावाची यादी उघडली, खाली खाली गेले, आणि नाव दिसलं. नवऱ्याच्या नावासकट पूर्ण नाव, पुढे स्त्री. स्क्रीन तिच्याकडे फिरवली.

"मला वाचता येत न्हाई, तूच वाच."

वाचलं. त्यांनी ते नाव परत एकदा वाचायला लावलं. मग आधारवरून मिनी स्टेटमेंट काढायचं ठरलं. अंगठा काही लागेना. हात धुतले, पुसले, अंगठा सोडून मधलं बोट लावलं तेव्हा मशीन मानलं. चिठ्ठी निघाली. त्यात दोन हजाराची जमा, पाचशेची जमा, आणि दोन्हींच्या खाली एटीएममधून काढलेल्याची नोंद.

मावशी रडल्या वगैरे नाहीत. चिठ्ठीची घडी करून कमरेच्या पिशवीत घातली आणि विचारलं, "फोन लंबर बदलायचा तर काय करावं लागतं?" आधारचा नंबर माझ्याकडे बदलत नाही, त्याला आधार केंद्रात जावं लागतं, असं सांगितलं. "तासगावात कुठं? कवा उघडं असतंय?" एवढं विचारून गेल्या. घरी पुढे काय झालं ते मी विचारलेलं नाही. पण नंतर त्या केवायसीला आल्या तेव्हा हातात स्वतःचा साधा फोन होता, त्याला लाल दोरा बांधलेला.

म्हणून कुणी मला "लोकांची नावं अशी चव्हाट्यावर कशाला मांडायची, ती खासगी बाब आहे" असं सांगू लागलं की मी विचारते, खासगी कुणापासून? ज्यांचं नाव लपवल्याने भलं होणार आहे असं तुम्हाला वाटतं, त्यांच्यापासूनच पैसे लपवले जातात कितीदा तरी.

हाच प्रकार ट्रॅक्टरचा. कृषी यांत्रिकीकरणात ट्रॅक्टरला महिला, अल्प-अत्यल्प भूधारक आणि अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्यांना सव्वा लाखापर्यंत अनुदान, इतरांना एक लाख. मग काय, अर्ज बायकोच्या नावाने. महाडीबीटीवर, म्हणजे या अनुदानांचे अर्ज भरायच्या राज्याच्या पोर्टलवर, 'निधी वितरित लाभार्थी यादी' असते, तीही लॉगिन न करता दिसते. आमच्या गावाची काढली तर ट्रॅक्टरवाल्या बायका दिसतात. यातली एकही स्टेअरिंगवर बसलेली मी पाहिलेली नाही. एकीला मी हसत म्हटलं, "वहिनी, तुमचा ट्रॅक्टर भाड्याने द्याल का?" तर म्हणाली, "आमचा कुठला, ह्यांचा हाय." आरसी बुकवर, म्हटलं, तुमचं नाव आहे. त्या दिवशी घरी जाऊन तिने ते बुक मागून बघितलं म्हणे.

पण पीएम किसानची यादी जशी पारावर वाचली जाते तशी ही महाडीबीटीची यादी कुणी वाचत नाही, हेही खरं. ठिबकला अल्प-अत्यल्प भूधारकांना ८० टक्के, बाकीच्यांना ७५ टक्के अनुदान, पाच हेक्टरच्या मर्यादेत. यंत्रं, शेततळी, पॅक हाऊस, सगळे मोठे आकडे तिथे. शीतगृह नि प्रक्रिया उद्योगाची अनुदानं आणखी वेगळ्या खात्यांकडे. यातली एकही यादी मी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागलेली पाहिली नाही. दोन हजारवाला गावाला तोंडपाठ आणि दहा-वीस लाखांचं अनुदान घेणारा कुणाच्या गावी नाही.

आणि ज्याला आम्ही अनुदान म्हणतच नाही ते तर वेगळंच. युरियाची ४५ किलोची पिशवी २६६ रुपये ५० पैशांना मिळते, कारण उरलेले पैसे सरकार कंपनीला देतं. दुकानदार पॉस मशीनवर अंगठा घेतो, पावतीवर सरकारने भरलेली रक्कम छापून येते, आणि ती पावती दुकानाच्या दारातच पडलेली असते. साडेसात एचपीपर्यंतच्या पंपाला २०२४ पासून वीजबिल माफ, तेही खात्यात येत नाही म्हणून कुणी मोजत नाही. खात्यात 'टिंग' वाजलं तरच अनुदान, अशी आमची समजूत.

आता दुसरी बाजू. अवकाळीच्या नुकसानीची यादी. पंचनामे होतात, मग प्रत्येक शेतकऱ्याला एक विशिष्ट क्रमांक मिळतो, लोक त्याला व्हीके नंबर म्हणतात. तो घेऊन माझ्यासारख्या केंद्रावर यायचं, अंगठा लावायचा, मग पैसे जमा. केंद्राच्या निकषाप्रमाणे जिरायतीला हेक्टरी ८,५००, बागायतीला १७,०००, फळबागेला २२,५००, तेही दोन हेक्टरपर्यंत. (द्राक्षबागेच्या एका पावसाळी आठवड्याची औषधं किती रुपयांची असतात हे बागायतदारांना सांगायला नको. पण तो विषय आजचा नाही.) ही यादी भिंतीवर लागते आणि लागलीच पाहिजे. नाव, गट नंबर, क्षेत्र, व्हीके नंबर, ठीक आहे. पण एकदा आमच्याकडे लागलेल्या यादीत बँकेचे खाते क्रमांकही होते, अख्खेच्या अख्खे. मी काळा मार्कर घेऊन गेले आणि म्हटलं, एवढं खोडू द्या. उत्तर मिळालं, "वरनं आलीया तशी लावायची." तोवर पोरांनी फोटो काढून गावच्या ग्रुपवर टाकलेही होते. त्याच ग्रुपवर 'पीएम किसान' नावाच्या बनावट फायली फिरत असतात, डाउनलोड केल्या की फोन दुसऱ्याच्या ताब्यात. खाते क्रमांक आणि नाव एकत्र मिळालेला चोर फोनवर किती खात्रीने बोलेल याचा विचार करा.

म्हणून मी या विषयावर जरा वाचायला लागले. द्राक्ष निर्यातीमुळे युरोप आमच्या गावाला तसा परका नाही. तिकडच्या औषध अंशाच्या मर्यादा आमच्या बागायतदारांना घरच्या देवाच्या आरतीसारख्या पाठ आहेत, आणि पेटीवरच्या नंबरवरून माल कुठल्या प्लॉटचा ते त्यांना कळतं. तर तिकडेही शेतीला अनुदान मिळतं, भरपूर मिळतं, आणि कुणाला किती ते नेटवर टाकावं लागतं. त्याविरुद्ध जर्मनीतल्या हेसे राज्यातली एक शेती फर्म आणि एक शेतकरी कोर्टात गेले. नोव्हेंबर २०१० मध्ये लक्झेंबर्गच्या युरोपीय न्यायालयाने निकाल दिला. पारदर्शकता हवी हे कोर्टाने मान्य केलं, पण रक्कम किती, किती काळ, किती वेळा याचा काही भेद न करता सरसकट प्रत्येक व्यक्तीचं नाव छापणं हे जास्त झालं, असं म्हटलं. मग २०१३ मध्ये नवा नियम आला. नाव, गाव, रक्कम आणि कशासाठी मिळाली ते छापायचं, दोन वर्षं ठेवायचं, पण वर्षाला ठरावीक लहान रकमेपर्यंत, जास्तीत जास्त १,२५० युरोपर्यंत, घेणाऱ्याचं नाव झाकायचं.

म्हणजे तिकडे लहान झाकला आणि मोठा उघडा ठेवला. आपल्याकडे नेमकं उलटं आहे, आणि तेही कुणी ठरवून केलेलं नाही, सवयीने झालेलं आहे. मोठ्या रकमांचं मला त्यांचंच पटतं. लहान रकमांचं मात्र पटत नाही. तो नियम आपल्याकडे लावला तर आमच्या मावशीचं नाव झाकलं गेलं असतं आणि थोरला सुखात राहिला असता. माझं म्हणणं साधं आहे. नाव सगळ्यांचं दिसू दे, लहानाचं नि मोठ्याचं. रक्कम आणि कारण दिसू दे. खाते क्रमांक, फोन, आधार यांतला एक आकडाही दिसायला नको. आणि रक्कम जेवढी मोठी, तेवढी यादी गावात मोठ्याने वाचली जावी.

कायद्यात हे नाही असं समजू नका. माहिती अधिकार कायदा २००५, कलम ४. त्यात म्हटलंय की अनुदानाच्या कार्यक्रमांची अंमलबजावणी कशी होते, किती रक्कम ठेवली आणि लाभार्थी कोण, हे प्रत्येक कार्यालयाने आपणहून प्रसिद्ध करायचं. कुणी अर्ज करायची वाट बघायची नाही. तरी अर्ज करावा लागलाच तर आपल्या राज्यात जोडपत्र 'अ', १० रुपयांचं कोर्ट फी तिकीट, १५० शब्दांत मजकूर, आणि ३० दिवसांत उत्तर. मी हे अर्ज लिहून देते. अलीकडे एक नवी धास्ती आहे. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्याने माहिती अधिकारातलं कलम ८(१)(ञ) बदललं. आधी वैयक्तिक माहिती नाकारताना तिचा सार्वजनिक कामाशी संबंध आहे का, हे बघावं लागायचं. आणि जी माहिती विधिमंडळाला नाकारता येत नाही ती सामान्य माणसालाही नाकारता येणार नाही, असं तिथे स्पष्ट लिहिलेलं होतं. आता नुसतं 'वैयक्तिक माहिती' एवढंच उरलं. ज्याला द्यायचं नाही त्याला हे दोन शब्द पुरेसे आहेत. पण कलम ४ जागेवर आहे, आणि जनहित मोठं असेल तर माहिती द्यायची मुभा देणारं कलम ८(२) सुद्धा. अर्जात या दोन्हींचा उल्लेख आवर्जून करा.

गेल्या ग्रामसभेत मी उठून म्हटलं, महाडीबीटीची आपल्या गावची यादी मी छापून आणलीय, वाचू का. एकदम शांतता. मग एक ज्येष्ठ सदस्य म्हणाले, "ताई, वेळ झालाय, नंतर बघू." मागनं कुणीतरी ओरडलं, "वाचा की, आमच्या दोन हजाराची रोज वाचता." लोक हसले. मी ठिबकची नावं वाचली, ट्रॅक्टरची अर्धी झाली तेवढ्यात पाण्याच्या टाकीचा विषय निघाला आणि सभा तिकडे गेली. ज्यांची नावं वाचली त्यातले एक तात्या मला बाहेर गाठून म्हणाले, "वाचलंस ते बरं केलंस, पण शेजारच्याचं राहिलं की गं." त्यांना उरलेले कागद दिले.

तुमच्या गावची यादी बघायची असेल तर पीएम किसानच्या पोर्टलवर 'बेनिफिशियरी लिस्ट' आणि महाडीबीटीच्या शेतकरी पोर्टलवर 'निधी वितरित लाभार्थी यादी' बघा. घरातल्या बायकांची नावं आधी शोधा. हप्ता पडायच्या दिवशी सर्व्हर चालत नाही, सकाळी सातच्या आत बसा. आणि व्हॉट्सॲपवर यादीची म्हणून फाईल आली तर उघडू नका, खरी यादी कुणी फाईल करून पाठवत नाही.